‘सर्वर डाऊन हाय, उद्या या’ : आता कारण विचारा

कोंढ्यापासून पवनीपर्यंत कोणत्याही सेतू केंद्रात जा, एक वाक्य ठरलेलं : “सर्वर डाऊन हाय, उद्या या.” आपण मुकाट्याने परत येतो, जणू अवकाळी पाऊस आला. मित्रांनो, यातलं बरंचसं माणसाने केलेल्या सेटिंगवर अवलंबून असतं. ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आपलं धान खरेदी केंद्र डोळ्यासमोर आणा. शेतकरी घरून काटा आणत नाही. केंद्रावर ठरावीक काटे मांडलेले असतात, एकाचं माप झालं की दुसऱ्याचं. पोर्टलचंही तसंच. अर्जाचं पान वेगळं, माहिती साठवणारा डेटाबेस वेगळा. दोघांमध्ये दर अर्जाला नवी जोडणी उघडणं वेळखाऊ असतं, म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवतात. हा कनेक्शन पूल. जावामध्ये सर्रास वापरला जाणारा हिकारी पूल काही न बदलता ठेवला, तर जास्तीत जास्त १० जोडण्या देतो. ३० सेकंदांत जोडणी मिळाली नाही तर एरर. गर्दीची चाचणी घेऊन हे आकडे बसवायचे असतात. नुसते वाढवूनही भागत नाही. शंभर काटे मांडले आणि हमाल चारच, तर काय फायदा?

दुसरी गोष्ट, काटा अडवणं. पोतं काट्यावर ठेवून हमाल चहाला गेला की रांग थांबते. प्रोग्रामने काम झाल्यावर जोडणी परत केली नाही, किंवा ती धरून ओटीपीची वाट पाहत बसला, तर तेच होतं. मशीन धडधाकट, पण बाहेर “सर्वर डाऊन”.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. धान मोजून गोदामात गेलं आणि वहीत नोंदच नाही, तर शेतकऱ्याने कोणाकडे जावं? हे टाळायला डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन असते. सगळे टप्पे झाले तर कमिट, एकही अडला तर रोलबॅक. पण जावाच्या ड्रायव्हरमध्ये ऑटो-कमिट मुळातच चालू असतं, म्हणजे प्रत्येक आदेश सुटा पक्का होतो. ते बंद करून टप्पे एकत्र बांधले नाहीत, तर नाव चढतं आणि बँक खातं मागे राहू शकतं.

लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलै २०२४ पासून सुरू झाले, मुदत आधी १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट. ई-केवायसीची मुदतही १८ नोव्हेंबर २०२५ वरून ३१ डिसेंबरवर गेली. पोर्टल अडल्याच्या तक्रारी दोन्ही वेळा होत्या. मुदत वाढली हे बरंच झालं. पण जुलै म्हणजे आपल्याकडे रोवणी. महिन्याच्या १५०० रुपयांसाठी बाईने तीन दिवसांची मजुरी बुडवली, तर ती भरून कोण देणार?

बँकांना असा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. नंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. अर्धवट व्यवहाराची जबाबदारी बँकेवर, मग सरकारी पोर्टलवर का नको?

माझ्या मागण्या तीनच. पोर्टल जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढावी. अर्ज कुठे अडला ते सांगणारी पावती केंद्रावरच मिळावी. आणि मोठ्या बिघाडानंतर कारण काय, किती अर्ज अर्धवट राहिले, हे मराठीत जाहीर व्हावं.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखालच्या सेवांना मुदत आहे, अपीलही आहे. पुढच्या वेळी “उद्या या” ऐकलं, तर तारीख, वेळ आणि स्क्रीनवरचा मेसेज लिहून घ्या, जमलं तर फोटो काढा. इथे कॉमेंटमध्ये टाका, आधार नंबर मात्र झाकून. पुरेशा नोंदी जमल्या की सगळ्या मिळून तहसीलदार साहेबांकडे निवेदन देऊ.