पाय थांबला, तरी चाक फिरावे

निवृत्तीनंतर पुन्हा सायकलीकडे वळलेली अनेक मंडळी दवाखान्यात भेटतात. शरीराचा पूर्ण भार गुडघ्यांवर न येता होणारा हा व्यायाम असल्याने मी त्यांना बहुधा उत्तेजनच देतो. परंतु अलीकडे एक नवा प्रश्न कानी येतो : घरातील नातू आजोबांच्या जुन्या काळ्या सायकलीला ‘फिक्स्ड गिअर’चे मागचे चाक बसवून देऊ इच्छितो, ते चालेल काय?

प्रश्न यंत्राचा वाटला, तरी तो शरीराचाही आहे. नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. पायडल मारणे थांबवले तरी चाक फिरत राहते आणि पाय विसावतात. फिक्स्ड गिअरमध्ये मात्र दातेरी चकती हबला पक्की जखडलेली असते. चाक फिरते तोवर पायडल फिरते, आणि त्याबरोबर आपला पायही. व्हेलोड्रोमवरील शर्यतींत अशाच, ब्रेक नसलेल्या सायकली वापरतात. पण तेथे गल्लीतून अचानक रिक्षा आडवी येत नाही.

उतारवयात हा फरक मोलाचा ठरतो. वेग आवरण्यासाठी पायांनी उलटा दाब दिला, की झिजलेल्या गुडघ्यांवर ताण येतो. मधुमेहाने तळपायाची संवेदना मंदावली असेल, तर पाय पायडलवरून घसरल्याचे उशिरा कळते. फिरते पायडल नडगीवर आदळते आणि ती जखम लवकर भरत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे क्षणभर भोवंड आली, तरी पायडल थांबत नाही. हाडे ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर साधे पडणेही महागात पडते. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे : साठीपुढील व्यक्तीच्या सायकलीला फ्रीव्हीलचेच चाक असावे.

नातवाच्या उत्साहावर मात्र पाणी टाकू नये. एका बाजूस फिक्स्ड चकती आणि दुसऱ्या बाजूस फ्रीव्हील बसेल असा दुहेरी हब मिळतो. चाक काढून उलटे बसवले, की एकाच चाकाचे दोन्ही उपयोग होतात. आजोबा चालवतील तेव्हा फ्रीव्हीलची बाजू साखळीकडे असावी, आणि निघण्यापूर्वी मागचे चाक उचलून, पायडल मारून सोडून दिल्यावर ते थांबते ना, हे पाहावे.

चाक बांधून घेताना चार गोष्टी तपासाव्यात. जुन्या सायकलीच्या मागच्या रिमला बहुधा ४० छिद्रे असतात, तर असे नवे हब बहुतेक ३२ किंवा ३६ छिद्रांचे येतात; आकडे जुळले नाहीत, तर रिमही नवी घ्यावी लागते. रिम बदलली, की ब्रेकचा प्रश्न उभा राहतो. जुने सळईचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने धरतात. ते नव्या रिमवर पकड घेतील याची खात्री करावी. पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक असायलाच हवेत. तिसरी गोष्ट लॉकरिंगची. खऱ्या फिक्स्ड हबवर चकतीच्या बाहेर उलट्या आट्यांचे लॉकरिंग बसते, म्हणून उलटा दाब दिला तरी चकती सैल होत नाही. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर नुसती चकती घट्ट आवळून देण्याची युक्ती कोणी सुचवली, तर नम्रपणे नकार द्यावा. उलट्या दाबाने ती चकती सुटते आणि वेग आवरण्याचे साधनच हातचे जाते. चौथे, चाकाचा आऊट नीट काढून घ्यावा आणि काही दिवस चालवल्यावर आऱ्यांचा ताण पुन्हा पाहून घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. फिक्स्ड चाकाची साखळी चाकाबरोबर फिरतच राहते. तिच्यात ओढणी, पदर किंवा पायजमा सापडला, तर पाय थांबवून सुटका होत नाही. सायकल उलटी ठेवून साखळी पुसताना फिरत्या चाकाजवळ हात नेऊ नये. बोटाचे टोक तुटण्याचा धोका असतो. लहान नातवंडांना तर तेथून दूरच ठेवावे. घरातील जड चक्राच्या अनेक व्यायाम-सायकलींचेही असेच असते : पाय थांबवले तरी पायडल फिरत राहतात. तिच्यावर बसण्यापूर्वी थांबवण्याची कळ कोठे आहे, ती कशी दाबायची, हे ज्येष्ठांना हाताला धरून दाखवावे.

सायकल अवश्य चालवा. मात्र दम लागला, गुडघा कुरकुरला, की त्या क्षणी पाय थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे असू द्या. तो अधिकार मागच्या चाकातल्या त्या लहानशा फ्रीव्हीलमध्ये असतो.