बिऱ्हाड कोठें करावें?

घरच्या टांकींतील पाणी किती दिवस पुरेल, हें सांगणारें एक वेब-ॲप नांदेडास आमच्या नातवानें रचिलें आहे. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आलें. त्या दिवसांत ज्यांनीं घागरी मोजिल्या, त्यांस या हिशेबाचें मोल सांगणें नलगे. परंतु ॲप ठेवावें कोठें, यावरून घरांत दोन पक्ष पडले. आमचे लातूरचे धाकटे बंधु म्हणाले, "दादा, भाड्यानें सर्व्हर घ्या. फुकटची वस्तु टिकत नाहीं." नातू म्हणाला, "आजोबा, सर्व्हर हवाच कशाला?"

नातवाचें म्हणणें आम्हांस पटलें. हें ॲप म्हणजे केवळ कांहीं फाइली. गणित होतें तें वापरणाराच्या मोबाइलांत. पोथी ठेवावयास चौरंग पुरतो, त्यासाठीं वाडा घ्यावा लागत नाहीं. गिटहब पेजेस अशा फाइली एक गिगाबाइटपर्यंत विनामूल्य ठेवितें, व आपलें काम त्याच्या शतांशांतहि भागतें. मात्र फाइली सर्वांस दिसतात. त्यांत गुप्त किल्ली कधींहि ठेवूं नये.

तथापि बंधूंचें भयहि निराधार नव्हे. याहूनें जिओसिटीज २००९ मध्यें मिटविलें. हेरोकूनें २०२२ मध्यें विनामूल्य सेवा थांबविली. म्हणून आम्हीं निर्णय दिला तो असा: जागा फुकटची चालेल, परंतु डोमेन, म्हणजे घराचा पत्ता, पैसे भरून स्वतःच्या नांवें घ्यावा, दरसाल न विसरतां त्याचें शुल्क द्यावें, आणि फाइलींची एक प्रत घरीं असावी. मग घरमालकानें उद्यां उठविलें तरी बिऱ्हाड हलवितां येतें, व येणाराजाणारास पत्ता तोच राहतो.

पहिल्या वर्षाचें शुल्क बंधूंनीं आपण होऊन भरिलें.