आकडा मोठा, पाया कच्चा

अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने २० वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. महागाईचा हिशेब धरला, तरी पश्चिम युरोपला मिळालेल्या मार्शल योजनेपेक्षा ही रक्कम मोठी आहे. तरीही १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलचे सरकार कोसळले. मग एवढा पैसा गेला कुठे?

निम्म्याहून अधिक सैन्य आणि पोलिसांवर गेला. अमेरिकेनेच २००८ मध्ये नेमलेल्या विशेष महानिरीक्षकांचे अहवाल वाचताना मी अनेकदा थबकलो. हेलमंदमध्ये ३.६ कोटी डॉलरचे लष्करी मुख्यालय बांधले, ते कधी वापरलेच गेले नाही. सुमारे ५५ कोटी डॉलरच्या प्रकल्पातून २० मालवाहू विमाने आणली; त्यांतली १६ काही हजार डॉलरला भंगारात गेली. शिवाय केवळ कागदावर असलेल्या सैनिकांचे पगार निघत होते.

चोरी झालीच, पण रोग त्याहून खोल होता. किती खर्च केला, यालाच यश मानले गेले. अधिकारी वर्षभरात बदलत. नवा माणूस पुन्हा शून्यापासून सुरुवात करी. सॉफ्टवेअरच्या कामात मी हे जवळून पाहिले आहे. डॅशबोर्डवर सगळे हिरवे असते आणि वापरणाऱ्याला साधे लॉगिनही होत नाही.

याउलट, २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एकता कार्यक्रमात गावकऱ्यांनी निवडलेल्या परिषदा निधी कशावर खर्चायचा ते ठरवत: पाणी, रस्ता की वीज. त्यातही त्रुटी होत्या, पण निर्णय गावाचा होता.

म्हणून ‘मदतच फुकट’ असे मी म्हणणार नाही. त्या वर्षांत लाखो मुली शाळेत गेल्या. त्यांच्या माध्यमिक शाळा पैशाअभावी नव्हे, तालिबानच्या हुकमाने बंद झाल्या, हेही आपण तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे.

आता गाझाची चर्चा आहे. तिथल्या उभारणीला ५३ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. उद्या मोठमोठे आकडे जाहीर होतील आणि आपण ते फॉरवर्ड करू. त्याआधी तीन प्रश्न विचारूया: काय बांधायचे हे तिथले लोक ठरवणार का? पाचव्या वर्षी दुरुस्ती कोण करणार? आणि हिशेब त्यांच्या भाषेत, त्यांच्यासमोर मांडला जाणार का?