मुंबई पाहिली, बंदर राहिले

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्या कळमन्यात मुंबईच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणाचा भाऊ डोंबिवलीला असतो, कुणाची लेक ठाण्याला दिलेली असते. मुक्कामाची सोय झाली की प्रश्न उरतो तो एकच : चार दिवसांत पाहायचे काय? अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला प्रवासातलेही कळत असावे, असा शेजाऱ्यांचा समज असल्यामुळे हा प्रश्न अधूनमधून माझ्याकडे येतो. वस्तुतः त्याचे उत्तर ठरलेलेच असते. गेट वे ऑफ इंडिया, घारापुरी, राणीची बाग, हँगिंग गार्डन, गिरगाव चौपाटी, सिद्धिविनायक आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. ही यादी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा विदर्भातील माणसाने तरी लक्षात घेतला पाहिजे असे मला वाटते.

याची जाणीव मला एका विद्यार्थ्याने करून दिली. काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाची सहल घेऊन आम्ही मुंबईला गेलो होतो. वर उल्लेखिलेली सर्व स्थळे पाहून झाली. परतीच्या गाडीत वर्धा मागे पडल्यावर एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, समुद्र पाहिला, पण बंदर कुठे होते?" मी त्याला दिशा सांगितली, काही नावे सांगितली. परंतु खरे उत्तर असे होते की, वर्षभर ज्या बंदराविषयी मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवीत होतो, ते तीन दिवसांत त्याला दाखवण्याचे मलाच सुचले नव्हते.

पृष्ठप्रदेशाचा वाटा

प्रत्येक बंदराला दोन बाजू असतात. एक समुद्राची आणि दुसरी जमिनीची. जमिनीकडच्या ज्या मुलखातून बंदराकडे माल जातो आणि बंदरातून ज्या मुलखात माल येतो, त्याला अर्थशास्त्रात पृष्ठप्रदेश म्हणतात. दीडशे वर्षे आपण नागपूर-वऱ्हाडकर मुंबईचा पृष्ठप्रदेश आहोत. अशा माणसाने मुंबईत केवळ पाहुणा म्हणून हिंडावे, हे भागीदाराने स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जावे तसे आहे.

इतिहास थोडक्यात असा. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. दरम्यान १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीतले धनाढ्य प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या मनोऱ्याचा प्रत्येक दगड वऱ्हाडच्या कापसाचा आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण आपल्याकडे रूळ आले तेव्हा तेजी ओसरून दोन वर्षे झाली होती. परंतु पुढची गोष्ट निर्विवाद आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपचा जलमार्ग जवळ आला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. ज्या वर्षी व्हिक्टोरिया डॉक तयार झाला, त्याच वर्षी आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखली जाणारी वास्तूही पुरी झाली. गोदी आणि स्थानक ही एकाच व्यवहाराची दोन दारे होती. हिंगणघाट, अमरावती, खामगाव येथील गाठी त्यांतून जात होत्या.

दुसरा दाखला अधिक घरचा आहे. गेट वेसमोर उभे राहून आपण ज्या ताजमहाल हॉटेलकडे मान वर करून पाहतो, ते जमशेटजी टाटांनी १९०३ मध्ये सुरू केले. त्यांच्या उद्योगाचा भक्कम पाया मात्र नागपुरात घातला गेला होता. १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झालेली एम्प्रेस मिल हा तो पाया. मुंबई सोडून ते नागपूरला आले, कारण कापूस येथे होता. नागपूरच्या किती प्रवाशांना गेट वेवर हे आठवते?

भिंतीआडचा किनारा

येथे कुणी म्हणेल की, माणूस सुटीत मौज करायला जातो; त्याच्या गळ्यात अर्थशास्त्र कशाला बांधता? आक्षेप रास्त आहे. परंतु मी व्याख्यान ऐकण्यास सांगत नसून पाहण्यास सांगतो आहे. हँगिंग गार्डनच्या फुलांखाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे, हे कळल्याने फुलांचा रंग कमी होत नाही. उलट बाग का आणि कशावर उभी आहे हे कळते. शहराच्या बाबतीतही असेच आहे. पश्चिमेचा किनारा मुंबईने शोभेसाठी ठेवला, पूर्वेचा कामासाठी. प्रवासी पहिला पाहतो आणि दुसरा भिंतीआड राहतो.

सुरक्षिततेचा प्रश्न आहे हेही मान्य केले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गानेच आले होते. त्यामुळे गोदीची दारे सरसकट उघडा, अशी मागणी कोणी समंजस माणूस करणार नाही. तथापि हँबुर्ग आणि रॉटरडॅम ही युरोपातील मोठी, चालती बंदरे आहेत. तेथे प्रवाशांना बोटीतून बंदराची फेरी घडवतात आणि ती त्या शहरांची आकर्षणे ठरली आहेत. लंडनने जुन्या गोदीतल्या गुदामातच २००३ मध्ये गोदीचे संग्रहालय उघडले. सुरक्षितता आणि दर्शन यांचा मेळ घालता येतो, हे यावरून दिसते.

मुंबईत या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा व्यापार खाडीपलीकडे गेला. मुंबई बंदराकडे पूर्व किनाऱ्यावरची सुमारे १,८०० एकर जमीन आहे. तिचे पुढे काय करायचे, याची चर्चा दीर्घकाळ चालू आहे. येथे गिरण्यांच्या जमिनींचा धडा विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव सावरलाच नाही. १९९१ च्या नियमावलीने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे कल्पिले होते : मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ मधील दुरुस्तीने पहिले दोन वाटे आक्रसले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. आपल्याकडे २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. जे लोकांनी कधी पाहिलेच नाही, ते गेल्याचे दुःखही लोकांना होत नाही. म्हणून काय पाहावे हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आज प्रवासी ज्याला 'पाहण्याजोगे' मानतो, तेच उद्या 'राखण्याजोगे' ठरते.

हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. कापसाच्या गुदामांवरून आणि व्यापारावरून पडलेले हे नाव. ते बदलून काळाचौकी करण्याचा ठराव २०२४ मध्ये राज्याने केला. स्थानिक नाव असावे की नाही, हा वाद मी येथे घालणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, नाव राहो वा जावो. येथे वऱ्हाड-नागपूरचा कापूस उतरत होता हे सांगणारी मराठी पाटी तेथे असली पाहिजे.

एका दिवसाचा कार्यक्रम

तोवर आपल्या हाती जे आहे ते तरी करावे. चार दिवसांपैकी एक दिवस बंदरासाठी काढावा. त्याला फारसा खर्चही नाही, आणि पगारदार माणसाने हाही विचार करावा लागतो. पहाटे कुलाब्याला ससून डॉकवर जावे. वासाने नाक धरावे लागेल, पण मासळीचा लिलाव आणि कोळणींचा व्यवहार पाहिला की बाजारभाव कसा ठरतो हे पुस्तकापेक्षा चांगले कळते. नंतर गेट वेहून घारापुरीची लाँच घ्यावी. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. जाताना बहुतेक लोक समुद्रपक्ष्यांना खाऊ टाकण्यात गुंग असतात. त्याऐवजी आजूबाजूला पाहावे. नांगरून उभी असलेली जहाजे, नौदलाच्या युद्धनौका आणि तेलवाहू जहाजांसाठी धक्के असलेले जवाहर द्वीप दिसते. गोदीत न शिरता बंदर पाहण्याचा हा सोपा मार्ग आहे. परतल्यावर भायखळ्याला राणीच्या बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. पोर्तुगीजांनी ज्यावरून घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव दिले, तो दगडी हत्ती त्याच आवारात उभा आहे. इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो मोडला, म्हणून येथे राहिला.

वेळ उरल्यास पी. डिमेलो मार्गाने गोदीच्या भिंतीकडेने जावे. हा मार्ग गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा आहे. याच भिंतीआड १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. त्यात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. मुंबई पाहून आलेल्या किती जणांनी ही भिंत पाहिली आहे?

आधी कळमना

शेवटी एक गोष्ट स्वतःकडे बोट दाखवून सांगितली पाहिजे. मुंबईचे बंदर न पाहणारे आपण, घराजवळचा बाजार तरी कुठे पाहतो? कळमना मार्केट यार्डात हंगामात संत्र्यांचे ढीग लागतात, मिरचीच्या पोत्यांनी डोळ्यांना पाणी येते, धान्याचा लिलाव चालतो. अडते, मापारी आणि हमाल यांच्या हातांतून विदर्भाची वर्षभराची कमाई जाते. पाठीवर पोते घेणारा येथला हमाल आणि मुंबईतला माथाडी एकाच १९६९ च्या कायद्याने जोडलेले आहेत. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, त्यामुळे मुंबईचे अंतर आणखी कमी झाले आहे. मात्र रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. मुंबईच्या महाविद्यालयांनीही आपल्या मुलांना व्याघ्रप्रकल्पाकडे नेताना वाटेत एक सकाळ कळमन्याला थांबवावे.

महाविद्यालये आणि शाळा यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. सहलीच्या परिपत्रकात स्थळांच्या यादीखाली एक ओळ वाढवावी : जाण्यापूर्वी आपल्या गावचा बाजार, गेल्यावर त्या गावचे बंदर. बंदराच्या प्रशासनाने आठवड्यातून एक दिवस, नावे नोंदवून आणि पाहणी करून, विद्यार्थ्यांसाठी बोटीतून फेरी सुरू करावी. आणि पूर्व किनाऱ्याचा जो आराखडा होईल, त्यात एक जुने गुदाम संग्रहालयासाठी राखून ठेवावे.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला गाडीत देता आले नाही. पुढच्या सहलीत दुसरा दिवस मी बंदरासाठी ठेवला आहे; पहिल्या दिवशी, गाडी सुटण्याआधी, सकाळी सात वाजता आम्ही कळमन्याच्या बाजारात जमणार आहोत.