नळ गळतोय? मग गप्प का?

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पाण्याची काय तारांबळ असते, ते सांगायला नको. अन् भाड्याच्या घरातला नळ मात्र रात्रभर टपटपतोय! आपण खाली बादली लावतो, झालं. अहो, कॉक बंद करा, पान्याने नळ खोला, वायसर बदला. दहा मिनिटांचं काम.

गळकं छत मात्र मालकाने बघायचं. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू असेल तिथे कलम १४ नुसार टपालाने नोटीस पाठवा. १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच हं!

‘मालकीणबाई घर सोडा म्हणतील,’ ही धास्ती मलाही होती. म्हणूनच नोटिशीची नक्कल अन् भाड्याच्या पावत्या डब्यात जपून ठेवा.