बलोपासनेला निवृत्ती नाही

नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. जपाच्या जोडीला ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. याच नाशकात १९३७ साली धर्मवीर डॉ. मुंजे यांनी भोंसला मिलिटरी स्कूल उभे केले, तेव्हा ते स्वतः पासष्टीला टेकले होते. तरीही बलोपासना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तरुणच येतो. साठी उलटली की शरीर थकायचेच, हे आपण गृहीत धरून बसलो आहोत.

वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला वैद्यकशास्त्र ‘सार्कोपेनिया’ म्हणते. १९८९ मध्ये हे नाव सुचवले गेले आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगसूचीत तिला व्याधी म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. ही झीज दुखत नाही, म्हणून ध्यानात येत नाही. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत काळारामाच्या दर्शनाला चालत जाणारे आजोबा अंथरुणाला खिळतात. रक्तातील साखर सामावून घेण्याचे मोठे कामही स्नायूच करतात. ते आटले की मधुमेह बळावतो. परीक्षा सोपी आहे. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठावे-बसावे. बारा सेकंद वा अधिक वेळ लागला, तर सावध व्हावे, असे आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितले आहे.

यावर उपाय आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील प्रयोगात नव्वदीच्या घरातील वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. केवळ फेरफटका पुरेसा नाही, स्नायूंवर भार यावा लागतो.

येथे आपल्या घरांनीही आत्मपरीक्षण करावे. ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो’ या मायेने आपण वडीलधाऱ्यांचे चालणे-उठणेच काढून घेतो. चातुर्मासात एकभुक्त राहणारी आजी एरवीही चहा-पोळीवर दिवस काढते. उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. व्रत सोडू नये. पण उपवासाला दूध, ताक, दाणे आणि एरवी डाळी-उसळी तिच्या ताटात पडतात की नाही, हे सुनामुलांनी पाहावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच.

नाशकात मंदिरांना अंगणे आहेत, व्यायामशाळा आहेत, प्रभात शाखा आहेत. तेथे आठवड्यातून दोन दिवस, तासभर ज्येष्ठांसाठी राखून ठेवायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, ज्याच्या त्याच्या शक्तीनुसार व्यायाम व्हावा. मारुतीपुढे नुसते हात जोडून बळ येत नाही, हे टाकळीच्या त्या तपस्व्याने बाराव्या वर्षीच ओळखले होते. आपण ते निदान साठाव्या वर्षी तरी ओळखावे.