महाद्वारापुढचा चोखोबा आणि अधिकाराचा प्रश्न

आषाढी एकादशीच्या पर्वकाळी, विठ्ठलनामाचा गजर चालू असता, ‘सत्ता’ आणि ‘अधिकार’ या रूक्ष शब्दांचा ऊहापोह कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु देवाच्या दारी कोणी पुढे व्हावे आणि कोणी बाहेर राहावे हे ठरवावयाचे म्हटले की हे दोन शब्द आपोआप पुढे येतात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८६४–१९२०) याने या दोहोंत मोठा मार्मिक भेद केला आहे. दुसऱ्याचा विरोध असतानाही आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता. आणि आज्ञा पाळणाऱ्यास ती पाळणे न्याय्य वाटते तेव्हा तिला अधिकाराचे रूप येते. अशा अधिकाराचे त्याने तीन प्रकार मानले: परंपरेने आलेला, एखाद्या पुरुषाच्या असामान्य तेजातून उपजलेला आणि कायद्याने दिलेला. हे तिन्ही प्रकार पाहावयास दूर जावयास नको; आपली पंढरी पुरेशी आहे.

परंपरा म्हणजे काय, हे महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी सांगते. मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामाखाली सापडून चोखोबांनी देह ठेवला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी बांधली, हे आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु त्यानंतरही शतकानुशतके त्यांच्या ज्ञातिबांधवांना त्या समाधीपर्यंतच येता येई; पुढची पायरी त्यांच्यासाठी नव्हती. दारावर शस्त्रधारी पहारा असण्याचीही फारशी गरज नव्हती. अडवणाऱ्यालाही ते योग्य वाटे आणि दुरून हात जोडून परतणाऱ्या यात्रेकरूंनाही. परंपरेचा अधिकार असा सर्वांच्या मनात पहारा बसवितो.

तो पहारा उठविण्यास मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरी उपोषणास बसले. त्यांच्यापाशी ना पद होते, ना धन, ना वतन. तत्पूर्वी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकमत जागे केले होते. अखेर द्वार उघडले. पुण्याईने मिळणारा अधिकार तो हाच. पण तो त्या पुरुषाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जाऊही शकतो. म्हणून त्यास कायद्याचा आधार लागतो. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविले. त्यावरील न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतील उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागविले.

यावर काही सश्रद्ध मंडळी विचारतात, शास्त्रात अधिकारभेद सांगितला आहे, त्याचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच दिले पाहिजे. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन यांचा विचार असतो. तेथे अधिकार म्हणजे हुकमत नव्हे, तर योग्यता: विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुमुक्षा. परंतु त्याच शास्त्रपरंपरेत ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणासारख्या ठिकाणी ही योग्यता जन्माशी बांधली गेली, हेही लपविण्यात अर्थ नाही. मनाची तयारी पाहणारी कसोटी जन्माचा दाखला पाहू लागली की योग्यतेची सत्ता होते. संतांनी शास्त्रार्थाचा वाद घालीत न बसता नामाची पेठ उघडली आणि तेथे जन्म विचारला नाही. माझ्या मते मूळ कसोटीस तेच अधिक प्रामाणिक राहिले.

मग आता विषमता सरली काय? वेबरने येथेही एक भेद सांगितला आहे. संपत्ती, प्रतिष्ठा आणि राजकीय बळ या तीन निरनिराळ्या गोष्टी. एकीत समता आली म्हणून दुसरीत येतेच असे नाही. कायदा दार उघडू शकतो, मान देववू शकत नाही. आज कित्येक देवस्थानांत जातीने अडवलेला मनुष्य आत येतो, पण ओळखीचा आणि पैशाचा मनुष्य त्याच्या आधी दर्शन घेऊन जातो. आपल्या घरी एकादशीच्या फराळाचे ताट देवापुढे ठेवले जाते, आणि भांडी घासणाऱ्या बाईचा कप मात्र वेगळ्या कोनाड्यात असतो. हळदीकुंकवाच्या दिवशी घरातलीच विधवा माउली आतल्या खोलीत बसते. हे कोणा कायद्याने सांगितलेले नाही. आपण पाळतो म्हणून ते चालते.

आणि येथेच आशेलाही जागा आहे. ज्या अधिकाराचे बळ पाळणाऱ्याच्या संमतीत आहे, तो संमती काढून घेताच कोसळतो. त्यासाठी सरकारची वाट पाहावी लागत नाही. वारीत लहान-थोर परस्परांच्या पाया पडतात. वंदन घेणारा लगेच वाकून वंदन करतो, त्यामुळे वरचा आणि खालचा असे कोणी उरतच नाही. वाचकहो, वाळवंटातला हा आचार उंबरठ्याच्या आत आणणे ही आजची खरी उपासना होय. यंदा उपवास सोडताना, द्वादशीच्या पानावर त्या बाईस आपल्या पंक्तीत बसवा आणि औक्षणाचे तबक त्या माउलीच्या हाती द्या. महाद्वारापुढे इतकी शतके उभ्या असलेल्या चोखोबांना आपण एवढे देणे लागतो.